फोन ठेवायला शिका: क्रेडिट कार्डाच्या नावाने येणारे कॉल आणि एका जुन्या टेलिकॉलरचा सल्ला

ऐरोलीच्या एका कॉल सेंटरमध्ये मी बरीच वर्षं एका बँकेच्या क्रेडिट कार्डासाठी फोनवर बोलायचं काम केलं. आधी कार्ड विकायचं, पुढे बढती मिळाली तेव्हा तक्रारी ऐकायचं. ते काम सोडून आता काळ झाला, पण माहेर-सासर दोन्हीकडे मी अजून ‘बँकेतली’च आहे. त्यामुळे नात्यात कुणालाही कार्डाबद्दल कॉल आला की पाठोपाठ मला फोन येतो: ‘अगं, असा असा कॉल होता. खरा होता का गं?’

या प्रश्नाचं उत्तर मी देतच नाही. कॉल खरा की खोटा हे बोलण्यावरून ओळखता येतं, हाच मुळात गैरसमज आहे. आम्ही ज्या स्क्रिप्ट वाचायचो तशाच स्क्रिप्ट ही मंडळी वाचतात. मागे कॉल सेंटरचा गलबला असतो, ‘आपका कॉल रेकॉर्ड किया जा रहा है’ असतं, होल्डवरचं संगीतसुद्धा असतं. तेव्हा ओळखायच्या फंदात पडायचं नाही. ऐकायची हौस असेल तर ऐका, पण काही सांगायची, दाबायची किंवा उघडायची वेळ आली की फोन ठेवा. मग कार्ड हातात घ्या, उलटं करा आणि मागे छापलेल्या नंबरवर स्वतः फोन लावून विचारा. बँकेचं खरंच काही काम असेल तर तिथे कळेल. नसेल तर विषय संपला.

‘असं तोंडावर फोन ठेवणं बरं दिसत नाही,’ असं माझी आई म्हणते. खरं सांगते, खऱ्या टेलिकॉलरला त्याचं काहीही वाटत नाही. आमचा कॉल कट झाला की सिस्टिम लगेच पुढचा नंबर लावून मोकळी व्हायची. वाईट वाटून घ्यायलासुद्धा सवड नसायची. संस्कार घरच्यांसाठी ठेवा.

आमच्या स्क्रीनवर काय दिसायचं

हे सांगितलं की लोकांचं अर्धं भय जातं, म्हणून जरा तपशिलात सांगते.

कार्ड विकायला फोन करायचे तेव्हा माझ्यासमोर फक्त नाव, मोबाइल नंबर, शहर आणि कुठलं कार्ड गळ्यात घालायचं ते असायचं. बस. नंतर तक्रारींच्या डेस्कवर गेले तेव्हा खातं उघडायचं, पण कार्ड नंबरचे मधले आकडे झाकलेलेच. कार्डाच्या मागचे तीन आकडे, म्हणजे सीव्हीव्ही, तर कुठेच नसायचे. व्यवहार मंजूर झाल्यावर सीव्हीव्ही साठवून ठेवायचाच नाही, असा जगभरच्या कार्ड व्यवसायाचा नियम आहे. पिन दिसत नाही. ओटीपी मशीन तयार करतं आणि थेट तुमच्या फोनवर पाठवतं. माझ्या स्क्रीनवर ओटीपी लिहायला रकानाच नव्हता. मग तो मागून मी करणार काय?

एक अपवाद नीट समजून घ्या, कारण लोकांचा इथेच गोंधळ होतो. तुम्ही स्वतः बँकेचा नंबर लावता तेव्हा मशीन कधी कधी कीपॅडवर पिन किंवा ओटीपी दाबायला सांगतं. ते चालतं. कॉल तुम्ही लावलेला असतो आणि दाबलेले आकडे मशीनकडे जातात, माणसाला ऐकवायचे नसतात. आलेल्या कॉलवर मात्र काहीही दाबायचं नाही, अगदी ‘नको असेल तर २ दाबा’सुद्धा नाही.

आता बँकांबद्दलची माझी एक तक्रार. बँका स्वतःच फोन करतात आणि ‘व्हेरिफिकेशनसाठी जन्मतारीख सांगा’ म्हणतात. अहो, फोन तुम्ही केलाय ना? मग ओळख तुम्ही पटवून द्यायला हवी. वर्षानुवर्षं गिऱ्हाइकाला ही सवय लावली आणि चोर आता त्याच सवयीवर पोट भरतात. जन्मतारीख विचारली तरी ‘मी तुमच्या नंबरवर परत फोन करते’ एवढंच म्हणायचं.

चिपळूणच्या मामांचा कॉल

गणपतीत चिपळूणला गेले होते तेव्हा मामांना असाच एक कॉल आला. मामा एसटीतून निवृत्त झालेले, गप्पांची आवड दांडगी. मी खूण करून स्पीकर चालू करायला लावला. तो कॉल मी अजून सगळ्यांना ऐकवते, कारण या धंद्याची सगळी कारागिरी त्यात आहे.

सुरुवात हिंदीत झाली: ‘सर, मैं आपके क्रेडिट कार्ड डिपार्टमेंट से बात कर रही हूँ.’ मामा म्हणाले, मराठीत बोला. बाई तत्क्षणी मराठीत आल्या, आणि मराठी चांगलं होतं. तेव्हा ‘ते परप्रांतातले असतात, बोलण्यावरून कळतं’ हे विसरा.

‘सर, तुमचे ७,४८० रिवॉर्ड पॉइंट्स आज रात्री बारा वाजता लॅप्स होतायत.’

आकडा बघा. सात हजार नाही, साडेसात हजार नाही, ७,४८०. असा मोडका आकडा ऐकला की तो कुणीतरी कुठेतरी पाहून सांगतंय असं वाटतं.

‘कुठल्या बँकेचं कार्ड?’ मामांनी विचारलं.

‘सर, तुम्ही सध्या कुठलं कार्ड वापरताय?’

मामांनी बँकेचं नाव सांगून टाकलं.

‘हां सर, तेच.’

इथे मला हसू आवरेना. तोपर्यंत त्या बाईंना बँकच माहीत नव्हती! मामांच्या मात्र ते लक्षातही आलं नाही. पुढचा डाव तर आणखी भारी: ‘तुमच्या खात्रीसाठी सांगते, तुमचं कार्ड ४ ने सुरू होतं, बरोबर?’ मामांनी कार्ड काढून बघितलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की, बघ, खऱ्या आहेत! व्हिसाचं प्रत्येक कार्ड ४ नेच सुरू होतं. मास्टरकार्डचं बहुतेक वेळा ५ ने. कार्डाचे पहिले सहा आकडे तुमचे नसतातच, ते बँकेचे आणि कार्डाच्या प्रकाराचे असतात. त्या प्रकारचं कार्ड असलेल्या सगळ्यांचे ते सारखेच. आणि शेवटचे चार आकडे दुकानातल्या पावतीवर असतात, स्टेटमेंटवर असतात, बँकेच्या प्रत्येक एसएमएसमध्ये असतात. तेव्हा कुणी पहिले सहा किंवा शेवटचे चार आकडे घडाघडा म्हणून दाखवले म्हणून तो बँकेचा ठरत नाही. नाव, पत्ता, जन्मतारीख यांचंही तेच. आपण आधारची झेरॉक्स किती ठिकाणी देऊन आलोय, आठवा जरा.

‘आता पुढचे आकडे तुम्ही सांगा सर, मी टॅली करते.’ टॅली हा शब्द किती बेमालूम आहे बघा. जणू आकडे त्यांच्यासमोर आहेतच, तुम्ही फक्त ताळा करून द्यायचा.

मामांना इथे कुठेतरी शंका आली असावी. म्हणाले, ‘उद्या शाखेत जाऊन करतो.’

‘सर, शाखेत हे काम होत नाही. आणि आज लास्ट डे आहे. तुम्ही लाइनवरच राहा.’

या तीन वाक्यांपैकी एक जरी ऐकू आलं तरी फोन ठेवा. शाखेत जाऊ नका, आजच करा, फोन ठेवू नका. खऱ्या बँकेला तुम्ही शाखेत गेलात, उद्या आलात, फोन ठेवलात तरी काही फरक पडत नाही. फरक चोराला पडतो. ओटीपी काही मिनिटांतच शिळा होतो, आणि तुम्ही फोन ठेवलात तर एसएमएस नीट वाचाल किंवा शेजारच्याला विचाराल.

मामा शेवटी म्हणाले, ‘थांबा, माझी भाची बँकेत असते, तिच्याशी बोला.’ फोन माझ्या हातात येईपर्यंत कट झाला होता. मामांना मात्र त्या पॉइंट्सची हळहळ संध्याकाळपर्यंत होती. मग त्यांच्या फोनवर बँकेचं अ‍ॅप उघडून दाखवलं, तेव्हा शांत झाले. पॉइंट्स वापरायचे ते असे अ‍ॅपमध्ये जाऊन, आपल्या हाताने. फोनवर कुणी त्यांचे रोख पैसे करून देत नाही.

निमित्तं बदलत राहतात. लिमिट वाढवून देतो, वार्षिक फी माफ करतो, तुमच्या नकळत चालू झालेला विमा बंद करतो, केवायसी संपलंय. कधी उलटं असतं: ‘तुमच्या कार्डावर ४९,९९९ रुपयांची खरेदी झाली, ती तुम्ही केली नसेल तर १ दाबा.’ हे जास्त वाईट, कारण घाबरलेला माणूस आकड्यांच्या बाबतीत फार उदार होतो. आणि सगळ्यात विषारी प्रकार म्हणजे ‘तुमच्या नावावर दुसऱ्या शहरात कार्ड निघालंय, लाखोंची थकबाकी आहे, कॉल पोलिसांकडे जोडतो’. तिथून व्हिडिओ कॉल, खाकी गणवेश आणि ‘डिजिटल अरेस्ट’, म्हणजे कॉलवरच अटक केल्याचं नाटक. असली अटक भारताच्या कुठल्याही कायद्यात नाही. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘मन की बात’मध्ये हेच सांगितलं होतं.

‘ओटीपी सांगू नका’ एवढं आता पुरत नाही

ओटीपी सांगायचा नाही हे लोकांना आता पाठ झालंय. मध्यंतरी कुणालाही फोन लावला की आधी अमिताभ बच्चनच्या आवाजातली सूचना ऐकावी लागायची, लोक वैतागले होते. पण चोर तिथेच थांबलेले नाहीत. ओटीपी तुमच्या तोंडून न काढता मिळवायचे त्यांचे चार मार्ग आहेत.

पहिला म्हणजे एपीके फाइल. ‘सर, फॉर्म व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते, भरून द्या.’ फाइलचं नाव बँकेचं, चिन्हही बँकेचं, आणि शेवटी ‘.एपीके’. ती उघडली की फोनमध्ये एक अ‍ॅप बसतं आणि एसएमएस वाचायची परवानगी मागतं. आपण ‘अलाउ’ दाबतो. झालं. त्यानंतर येणारा प्रत्येक ओटीपी तुमच्याआधी त्यांना दिसतो. प्ले स्टोअरच्या बाहेरून, कुणी पाठवलं म्हणून, कुठलंही अ‍ॅप घ्यायचं नाही. लग्नपत्रिका म्हणून आलं तरी नाही आणि वाहतुकीचं चलान म्हणून आलं तरी नाही.

दुसरा, स्क्रीन दाखवणारी अ‍ॅप. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर वगैरे. ही अ‍ॅप मुळात चांगल्या कामाची आहेत, ऑफिसात आमचा संगणक दुरुस्त करणारा मुलगा हेच वापरायचा. पण ती चालू केली की तुमच्या फोनवर जे दिसतं ते समोरच्यालाही दिसतं. एनीडेस्कबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच इशारा दिला होता.

तिसरा मार्ग कॉल मर्ज करण्याचा. बोलता बोलता तो म्हणतो, ‘आमच्या मॅनेजरांचा कॉल येतोय तुम्हाला, मर्ज करा.’ तो मॅनेजर नसतो. ते बँकेचं मशीन असतं, ओटीपी बोलून सांगणारं. तुम्ही मर्ज केलंत की तिघं एकत्र ऐकता. तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत तरी ओटीपी गेला.

चौथा, *४०१* दाबून पुढे एक नंबर डायल करायला सांगतात. त्याने तुमचे कॉल त्या नंबरवर वळतात, बोलून सांगितले जाणारे ओटीपीही त्यात आले. दूरसंचार विभागाने एप्रिल २०२४ पासून हा प्रकार बंद करायचे आदेश दिले, तरी कुणी सांगितला म्हणून कुठलाही * किंवा # वाला नंबर लावू नये. शंका असेल तर *#२१# लावून बघा, वळवलंय का ते कळतं. ##००२# ने सगळं वळवणं रद्द होतं.

ओटीपीच्या एसएमएसबद्दल एकच सांगते: आकडा बघायच्या आधी वाक्य वाचा. किती रुपये, कुठल्या दुकानासाठी, कुठल्या कार्डावर, हे बहुतेक बँका त्यातच लिहितात. चोराकडे याचंही उत्तर तयार असतं, ‘ती रक्कम तुम्हाला जमा होणार आहे म्हणून दिसतेय.’ पैसे यायला ओटीपी लागत नाही. पिन लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. हे सगळं पैसे जाण्यासाठी लागतं.

नंबरावरून काही कळतं का?

थोडंफार. जाहिरातीचे कॉल १४० ने सुरू होणाऱ्या नंबरांवरून आणि व्यवहारासंबंधीचे, सेवेचे कॉल १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरांवरून करा, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये बँकांना सांगितलं. त्यामुळे साध्या दहा आकडी मोबाइलवरून ‘बँकेतून बोलतोय’ असा कॉल आला तर पहिल्या वाक्यालाच ठेवायला हरकत नाही. १६०० दिसला म्हणून गुपितं मात्र सांगायची नाहीत. फोनवर नाव दाखवणाऱ्या अ‍ॅपमध्ये बँकेचं नाव आलं किंवा व्हॉट्सअ‍ॅपच्या फोटोत बँकेचं चिन्ह दिसलं, याला तर काडीचीही किंमत देऊ नका. फोटो कुणीही लावतं.

वेळेचंही बघा. क्रेडिट कार्ड कंपन्यांच्या माणसांनी सकाळी १० ते संध्याकाळी ७ या वेळेतच गिऱ्हाइकाला फोन करावा असा नियम आहे. रात्री साडेआठला कार्ड अपग्रेड करायला कुणी फोन केला तर तो चोर नसला तरी नियम मोडणारा आहेच, ठेवा.

आणि बँकेचा नंबर गूगलवर शोधू नका. हे दहादा सांगूनही लोक तेच करतात. इंटरनेटवर कस्टमर केअरच्या नावाने खोटे नंबर पेरलेले असतात, म्हणजे इथे गिऱ्हाईक आपण होऊन चोराला फोन लावतं. नंबर घ्यायचा तो कार्डाच्या मागचा, स्टेटमेंटवरचा किंवा बँकेच्या अ‍ॅपमधला. बँकांच्या वेबसाइटचा पत्ता आता ‘डॉट बँक डॉट इन’ने संपतो, तेही बघून ठेवा.

आज रात्री जेवण झाल्यावर करायचं काम

बँकेचं अ‍ॅप उघडा आणि त्यात कार्डाच्या सेटिंगमध्ये जा. २०२० पासून प्रत्येक बँकेला ही सोय द्यावीच लागते: ऑनलाइन व्यवहार, परदेशी व्यवहार आणि कार्ड टेकवून पैसे देणं, हे वेगवेगळं चालू-बंद करता येतं आणि प्रत्येकाची मर्यादा ठरवता येते.

परदेशी व्यवहार आधी बंद करा. भारतातल्या ऑनलाइन खरेदीला सहसा ओटीपी लागतो, पण परदेशातल्या अनेक वेबसाइट तो मागतच नाहीत. कार्ड नंबर, मुदतीची तारीख आणि सीव्हीव्ही एवढ्यावर पैसे जातात. म्हणजे ‘मी ओटीपी दिलाच नाही’ म्हणणाऱ्या माणसाचेही डॉलरमध्ये पैसे गेलेले असू शकतात. अमेरिकेत लेकाकडे जाणार असाल तेव्हा चालू करा, आल्यावर बंद. टेकवून पैसे देताना ५,००० रुपयांपर्यंत पिन लागत नाही. ती सोय वापरत नसाल तर तीही बंद करा. ऑनलाइनची मर्यादा महिन्याला जेवढी खरेदी होते तेवढीच ठेवा.

घरातल्या ज्येष्ठांच्या कार्डाला तीन लाखांचं लिमिट कशाला हवं? औषधं, किराणा, विजेचं बिल यांना किती लागतं ते बघा आणि बँकेला सांगून लिमिट खाली आणा. कार्ड विकणाऱ्या पोरी ‘लिमिट मोठं तेवढं चांगलं’ म्हणतात, मीही म्हणायचे, ते पाठ केलेलं वाक्य आहे. आणि तुमच्या संमतीशिवाय लिमिट वाढवता येत नाही, न मागितलेलं कार्ड तर देताच येत नाही. न मागता कार्ड दिलं आणि त्याची फी लावली तर बँकेने ती परत करून वर दुप्पट दंड द्यायचा, असा २०२२ चा नियम आहे.

शेवटी एक कागद घ्या. त्यावर बँकेचा कार्ड ब्लॉक करायचा नंबर आणि १९३० हा नंबर मोठ्या अक्षरात लिहा आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. पाकीट हरवलं तर कार्डाच्या मागे छापलेला नंबरही कार्डाबरोबरच जातो, म्हणून. कार्डाचा नंबर किंवा पिन मात्र त्या कागदावर लिहू नका. लिहितात लोक, मी पाहिलंय.

पैसे गेलेच तर

पहिल्या काही मिनिटांवर सगळं आहे. चोर कार्डाचे पैसे वॉलेटमध्ये टाकतात, गिफ्ट व्हाउचर घेतात, कुणाची तरी बिलं भरतात. ते पुढे सरकायच्या आत साखळी तुटली तर काही तरी हाती लागतं.

आधी अ‍ॅपमधून कार्ड लॉक करा, याला अर्धं मिनिट लागतं. मग बँकेला फोन करून ब्लॉक करायला सांगा आणि तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. इथे मात्र ठेवायचा नाही. ‘व्यवहार अजून पेंडिंग दिसतोय, दोन दिवसांनी फोन करा’ असं डेस्कवरचा माणूस म्हणू शकतो. त्याला म्हणायचं, तक्रार आत्ता नोंदवा, वेळ लिहा. लगेच १९३० ला लावा. गृह मंत्रालयाची ही हेल्पलाइन आहे, तिथून तक्रार बँका आणि वॉलेट कंपन्यांपर्यंत पोचते आणि पैसे अडवायचा प्रयत्न होतो. बँकेचं नाव, रक्कम, तारीख-वेळ, व्यवहाराचा क्रमांक, ज्या नंबरवरून कॉल आला तो, हे सगळं जवळ असू द्या. कार्ड कुठलं तेही विचारतात. ओटीपी, पिन, सीव्हीव्ही तिथेही कुणी विचारत नाही. लाइन लागली नाही तर ‘सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन’वर तक्रार भरा. एसएमएस आणि कॉलच्या यादीचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, रागाच्या भरात काही डिलीट करू नका. एपीके उघडली असेल तर आधी इंटरनेट बंद करा आणि बाकीचे फोन दुसऱ्याच्या मोबाइलवरून करा.

आता नियम. रिझर्व्ह बँकेने ते ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने घालून दिले, त्यातलं एवढं लक्षात ठेवा. चूक ना तुमची ना बँकेची, तिसऱ्याच कुठून माहिती फुटली आणि तुम्ही एसएमएस आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमचं नुकसान शून्य. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवलंत तर पाच लाखांपर्यंत लिमिट असलेल्या क्रेडिट कार्डावर तुमच्या माथी जास्तीत जास्त १०,००० रुपये, त्यावरच्या लिमिटला २५,०००. त्यानंतर बँकेचं धोरण असेल तसं. चूक गिऱ्हाइकाची होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर आहे. कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत वादातली रक्कम तात्पुरती जमा करायची आणि ९० दिवसांत निकाल लावायचा, हेही त्यातच आहे.

पण ओटीपी तुम्हीच सांगितला असेल तर? मग बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. कटू आहे, पण नियम असा आहे. म्हणूनच ‘आधी लेकाला विचारतो, संध्याकाळी बघू’ हे परवडत नाही. तक्रारींच्या डेस्कवर असे फोन यायचे. दुपारी बाराला फसवणूक झालेली आणि कळवलंय दुसऱ्या दिवशी, कारण घरात सांगायची लाज वाटली. मधल्या काळात आणखी दोनदा पैसे गेलेले. घरच्यांनो, वडील फसले तर त्यांच्यावर ओरडायचं असेल तर खुशाल ओरडा, पण कार्ड ब्लॉक केल्यावर.

बिलाचं काय करायचं, हे कुणी सांगत नाही. वादातली रक्कम सोडून उरलेलं बिल वेळेवर भरा. सगळंच अडवून बसलात तर उरलेल्या रकमेवर व्याज चढतं आणि सिबिल, म्हणजे कर्ज देताना बँका बघतात तो गुणांक, खराब होतो. फसवणूक म्हणून तक्रार केलेल्या रकमेवर निकाल लागेपर्यंत शुल्क लावायचं नाही, असा नियम आहे. लावलं तर त्याचीही लेखी तक्रार करा. ३० दिवसांत बँकेने दाद दिली नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. वकील लागत नाही, पैसे पडत नाहीत.

पैसे गेल्यावर काही दिवसांनी आणखी एक फोन येऊ शकतो: ‘सायबर सेलमधून बोलतोय, तुमची रक्कम सापडली आहे, प्रोसेसिंग फी भरा.’ एकदा फसलेल्यांचे नंबर हे लोक एकमेकांना विकतात. तक्रारीचं काय झालं ते पोर्टलवर आपल्या तक्रार क्रमांकाने बघता येतं, किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन विचारता येतं. त्या फोनवर फी विचारली की काय करायचं ते तुम्हाला आता माहीत आहे. आणि तो नंबर दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ या वेबसाइटवर ‘चक्षू’मध्ये कळवून टाका, दोन मिनिटांचं काम आहे.